उजव्या इंजिनाचा शिक्का

माझा थोरला मुलगा हल्ली कामावरून स्वच्छ कपड्यांत घरी येतो.

बाकीच्या आया मुलं कपडे मळवून येतात म्हणून बोटं मोडतात आणि ही बाई उलटंच रडगाणं गाते, असं कुणाला वाटेल. वाटू दे. माझा मुलगा विमानं दुरुस्त करतो. विमान आख्खंच्या आख्खं आत मावेल अशी भलीमोठी शेड असते, तिला हँगर म्हणतात. तिथे इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून काम करणारा माणूस इस्त्रीच्या दुकानातून आल्यासारखा बाहेर पडत नाही. त्याचे वडील आयुष्यभर त्याच शेडमध्ये होते. त्यांच्या कॉलरचं काळं घासून घासून माझ्या बोटांच्या रेषा गेल्या. ते गेल्यावर दोन्ही मुलं तिथेच लागली, तेव्हा साबण बदलला, बाकी काही बदललं नाही. त्यामुळे कामाचा कपडा कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला नको.

थोरल्याची बायको जाऊन उन्हाळा उलटला. आजारी पडली, दवाखान्यात नेली, परत आली नाही. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि सांगायला लागलं की माझ्याच कानांना ते दुसऱ्या कुणाच्या घरातलं वाटतं. आमच्याकडे रडारड झाली नाही. समोरची शेजारीण म्हणाली, "ताई, रडून घ्या, मोकळं वाटेल." मी म्हटलं, "तुला वेळ असेल तर आमच्या वाटचं तूच रड." ती पुन्हा आली नाही. बरं झालं.

सून माझ्याशी भांडायची. चांगली भांडायची, तोडीस तोड. मिक्सरचं झाकण उडतं म्हणून तिने त्याला दोन रबर बँड लावून ठेवले होते. मिक्सर तेव्हापासून कुणी लावला नाही. मी सगळं हातानेच करते. एकदा भाजीत मीठच घातलं नाही, मुद्दाम नाही, राहून गेलं. थोरल्याने ताट पुसून खाल्लं. मीही खाल्लं. धाकटा तेवढा पहिल्या घासाला थांबला आणि म्हणाला, "आई, मीठ?" तेव्हा कळलं.

धाकटा बोलका. लग्न नाही, काळजी नाही, जिभेला हाड नाही. दोघं भाऊ एकाच पाळीत, आणि गेला महिनाभर हँगरमध्ये त्यांना 'डावा-उजवा' म्हणून हाक मारतात. हेही त्यानेच सांगितलं. त्याचं कारण सरकारचा हुकूम.

विमानाच्या इंजिनाला एक पेटी असते. इंजिनाने किती जोर लावायचा ते ती पेटी ठरवते. एका जातीच्या विमानांत त्या पेटीतला एक भाग उष्णतेने तडकतो, असं निघालं. कुठेतरी एकाचं इंजिन वर आकाशात आपोआप मंदावलं. विमान उतरलं नीट, पण उतरेपर्यंत आतल्या माणसांचं काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक.

"म्हणजे रेग्युलेटर बिघडलेला पंखा," मी म्हटलं. "आपण चारवर ठेवलाय आणि तो एकवर फिरतोय."

"अगदी तसंच," धाकटा म्हणाला. "म्हणून सरकारने सांगितलं, अमुक तारखेच्या आत सगळ्यांचा तो भाग बदला. नाही बदलला तर विमान उडवायचं नाही. आणि वर आणखी एक अट आहे. ज्याने डाव्या इंजिनाचा बदलला, त्याने उजव्याला हात लावायचा नाही. दुसरा माणूस पाहिजे. म्हणून आमची जोडी लावलीय, आमची पाळी आली की मी डावा, दादा उजवा."

"का? उजवं इंजिन तुझं सावत्र आहे?"

"अगं, माणूस एकीकडे जी चूक करतो तीच दुसरीकडे करतो. त्याला ती चूक वाटतच नसते ना. दोघांनी केलं तर निदान एक इंजिन तरी धड राहील."

हे मला चटकन पटलं. मी शिवणकाम करते. एक बाही तोकडी कापली गेली की दुसरीही तितकीच तोकडी होते, कारण दुसरी कापताना आपण पहिलीच वर ठेवतो. गिऱ्हाइकाने घालून हात वर करेपर्यंत दोन्ही अगदी झकास दिसतात. ज्याने ही अट घातली तो माणूस कधीतरी शिवायला बसला असणार.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा थोरला समोरच होता. पाणी प्यायला, पेला पालथा घातला आणि उठून गेला.

कपडे स्वच्छ यायला लागले ते त्याच सुमारास. धाकट्याचे मात्र दुप्पट मळके. मी बघत होते, बोलत नव्हते. बोलायला काही तरी वाटावं लागतं. सकाळी दोघं रात्रपाळीवरून यायचे, मी कपडे भिजवायची, दुपारी वाळत घालायची, दिवस जायचा. विमानं आमच्या छपरावरून जातात. ती जायला लागली की फळीवरचे डबे थरथरतात. पूर्वी सून डब्यांवर हात ठेवायची. आता ते आपले थरथरतात.

परवा सकाळी धाकट्याचा कामाचा कोट भिजवण्याआधी खिसे तपासले. रोजच तपासते, नाहीतर एखादा स्क्रू राहून टबला भोक पडतं. आतल्या खिशात हाताला शिक्का लागला.

शिक्का म्हणजे बोटाएवढा, खाली नंबर. काम झालं की करणाऱ्याने तो कागदावर उमटवायचा, म्हणजे हे मी केलं, याची जबाबदारी माझी. प्रत्येकाचा वेगळा. मुलांचे वडील म्हणायचे, दात घासायचा ब्रश आणि शिक्का कितीही जवळच्याला देत नसतात. मी फार शिकलेली नाही, पण आकडे वाचता येतात, आणि हा आकडा तर मी झोपेतही ओळखीन. तो ह्यांचा नंबर. ते गेल्यावर साहेबांनी आठवणीने तोच थोरल्याला दिला होता. त्या दिवशी मी पेढे वाटावेत तशी गल्लीभर सांगत फिरले होते.

धाकटा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खात होता. मी शिक्का ओट्यावर ठेवला.

"हा तुझ्या खिशात काय करतोय?"

"अरेच्चा. चुकून आला असेल."

"शिक्का काय मांजर आहे, आपल्या पायांनी यायला?"

त्याने घास खाली ठेवला. "दादाला काही बोलू नकोस, आई."

"दादाचं मी बघते. आधी तू बोल."

आणि मग इतका बोलका मुलगा, पण शब्द ओढून काढावे लागले. दादा कामावर येतो. कोट चढवतो. बाकावर बसतो. साधी कामं असतात ती धाकटा त्याच्या वाटची करून टाकतो, कुणाला कळत नाही, कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे घरी काय झालंय. सरकारच्या हुकमाची विमानं आतापर्यंत इतरांच्या वाट्याला आली होती. काल रात्री या दोघांच्या वाट्याला आलं.

"डावं मी केलं. दादा उजव्याच्या शिडीवर चढला होता. मी खाली उतरून बघतो तर हातात पाना धरून नुसता उभा. झाकणसुद्धा काढलेलं नाही. मग मी वर गेलो, पाना घेतला आणि केलं."

"आणि शिक्का?"

"तो त्याने दिला. मी मागितला नव्हता. खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला आणि उतरून गेला."

"तपासायला कुणी येत नाही?"

"येतात ना. झाकण बंद असतं, कागदावर दोन वेगळे शिक्के असतात. झालं."

"ते विमान कुठे आहे आत्ता?"

"उभं आहे. संध्याकाळी जाणार. मुदत संपत आलीय, सगळे घाईत आहेत." मग घाईघाईने, "मी नीट केलंय, आई. दोन्ही नीट केलीत."

"उजवं करताना काय काय केलंस ते सांग."

"तेच, जे डाव्याला केलं."

"डाव्याचं नको. उजव्याचं आठव."

तो ओट्याकडे बघत राहिला. त्याची बोटं हवेत फिरली, काहीतरी आवळल्यासारखी, मग थांबली. "डावं आठवतं," तो म्हणाला. "उजवं म्हणजे... तेच तेच होतं ना. हात करत होते. मी दादाकडे बघत होतो, तो पडेल की काय म्हणून."

छपरावरून एक विमान गेलं. डबे थरथरले. मला वाटलं होतं, आता तरी आपल्याला भीती वाटेल. तसं काही झालं नाही. मी ओले हात पदराला पुसले, शिक्का उचलला आणि आत गेले.

थोरला पलंगाच्या कडेला झोपला होता, झोपला म्हणजे आडवा होता. उरलेला पलंग मोकळा ठेवून. तिची उशीसुद्धा तिथेच.

"ऊठ."

तो उठून बसला. असं सांगितलं की करतो तो, ही एक सोय आहे.

"शिक्का कुठे आहे तुझा?"

"खुंटीवर. खिशात असेल."

मी मूठ उघडली. त्याने बघितलं आणि मान खाली घातली. चोरी पकडली गेल्यासारखी नाही, कुणी वेळ विचारली आणि घड्याळ बंद निघालं तशी.

"वर चढलो होतो मी," तो म्हणाला. "पाना घेतला. मग पुढे काय करायचं तेच कळेना. येत नाही असं नाही, आई. येतं सगळं. पण कशासाठी करायचं ते कळेना."

"मग तसं साहेबांना सांगायचं."

"काय सांगायचं?"

"हेच. आज जमत नाही. दुसरा माणूस द्या."

दारात धाकटा येऊन उभा होता.

"आई, मी आज लवकर जातो," धाकटा म्हणाला. "गुपचूप झाकण काढून बघतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"पुन्हा तूच? तुझेच डोळे, तुझेच हात? म्हणजे तोकडी बाही तोकड्या बाहीवर ठेवून मापायची. गप्प बस तू."

मी फोन थोरल्याच्या मांडीवर ठेवला. हँगरच्या साहेबांचा नंबर त्याच्याकडे आहे, सून गेली तेव्हा ते येऊन बाहेरच्या खुर्चीत बसले होते, चहा न घेता. मी उभी राहिले.

त्याने फोन लावला. "साहेब," तो म्हणाला, आणि थांबला. मग सरळ आवाजात, बाजाराची यादी सांगावी तसं, "कालच्या विमानाचं उजवं इंजिन मी केलेलं नाही. शिक्का माझा आहे. काम माझं नाही. माझ्या भावाने केलं. दोन्ही त्यानेच. ते विमान सोडू नका."

पलीकडून बोलणं सुरू झालं, आणि बराच वेळ चालू राहिलं. शब्द मला कळले नाहीत, आवाज कळला. थोरला अधूनमधून "हो" म्हणत होता. शेवटी फोन ठेवला.

"विमान थांबवलं," तो म्हणाला. "दुसरी दोन माणसं लावून दोन्ही इंजिनं उघडणार. आम्हाला दोघांना आत्ता बोलावलंय. शिक्के घेऊन."

धाकट्याने आपला शिक्का शोधून काढला. त्याला मी जवळ घेतलं नाही, कोट दिला. ओला होता, मग दुसरा दिला. दोघं पायात बूट घालत दाराशी बसले, शाळेत असताना बसायचे तसे, एकाच्या बुटावर दुसऱ्याचा पाय. धाकटा जिना उतरायला लागला. थोरला दारातच उभा राहिला, हातात शिक्का.

"दोघांचंही लायसन्स जाईल, आई," तो म्हणाला. "त्याचं माझ्यामुळे. बाबांचा नंबरही परत घेतील. तू मला काय ते बोलून टाक. इतके दिवस तू काहीच बोलली नाहीस."

खालून धाकट्याने हाक मारली. मी म्हटलं,

"बोलते. ऐक. नंबर तुझ्या बाबांचा होता तोवर त्याला किंमत होती, काल रात्री तू ती घालवलीस, आता साहेबांनी नेला तर नुसता पत्र्याचा तुकडाच नेतील. लायसन्स जाईल तर जाऊ दे, माझं मशीन चालतंय, दोन घोडे पोसायला मला जमेल. बायको गेली तुझी. कामावर हात चालला नाही, त्याला मी तुला दोष देत नाही, देणारही नाही. पण चालत नाही हे तू कुणाला सांगितलं नाहीस. धाकट्याला तुझ्या जागी उभं केलंस आणि खाली जाऊन बाकावर बसलास. संध्याकाळी त्या विमानात चढणाऱ्यांच्या घरीही पलंग आहेत, आणि त्यांचे अर्धे रिकामे करायचा हक्क तुझा अर्धा रिकामा झाला म्हणून तुला मिळत नाही. तू वाईट नाहीस. तू मुका झालास, आणि मुक्या माणसाने शिक्का बाळगायचा नसतो. जा आता, देऊन ये. आणि आज जेवताना भाजीत मीठ नसेल, तर तोंड उघडून सांग मला."