ढवळ्याच्या नावानं

त्र्याहत्तर सालचा शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. त्या दिवशी पहाटेच सहादेव छावणीतून सायकल काढून निघाला. मागून दुसऱ्या सायकलवर त्याचा मेहुणा मच्छिंद्र, आणि मच्छिंद्रच्या कॅरियरवर गोधडीची घडी टाकून बसलेली सहादेवची बायको, चांगुणा. तिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं आणि हातात पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या. लग्न होऊन सासरी आल्यापासून ती शेवगावच्या बाजारापलीकडं कधी गेली नव्हती. आता दहा दिवस, गावोगाव, भावाच्या पाठीमागं बसून जायचं होतं.

शेवगावच्या पूर्वेला माळावर दुष्काळाची छावणी पडली होती. आसपासच्या सात गावांची जनावरं तिथं दावणीला होती. वैरण यायची, पण कधी आज, कधी चार दिवसांनी. तोवर जनावरं एकमेकांच्या अंगाखालचा पाचोळा चघळायची. सहादेवची बैलजोडी, ढवळ्या आणि पवळ्या, तिथंच होती. ढवळ्या वासरू असताना त्याची गाय मेली, तेव्हा सहादेवच्या आईनं, गोजरबाईनं, त्याला बोटं चोखायला देऊन ज्वारीची पेज पाजली होती. आता तोच ढवळ्या बसला की आपला आपण उठत नव्हता. दोघांनी पोटाखालून काठी घालून उचलावं लागे.

सहादेव पंधरा वर्षं सायकलवरून गावोगाव वर्तमानपत्रं टाकत होता. एका संध्याकाळी तो दावणीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "तिकडं पाटाच्या गावांत ऊसतोड चाललीया. उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्यांचे ढीग बांधावर वाळून जात्यात. कुनी जाऊन मागितलं तर देतील का न्हाई?"

"कोन जानार?" गोजरबाईनं विचारलं.

"मी. सायकलवर जाईन. रोज धा गावं घेतली तरी धा दिसांत संगमनेर करून माघारी येतो."

शेवगावच्या एका व्यापाऱ्यानं दोन ट्रक द्यायचं कबूल केलं. पाडव्याला ते गावोगाव फिरणार होते. मच्छिंद्र सायकलच्या दुकानात कामाला होता. "दाजी, पंक्चर झालं तर मधल्या रानात कोन काढून देनार तुमाला?" म्हणत तो निघाला. आणि सहादेवला मागच्या साली मुरडलेला उजवा गुडघा अजून त्रास देत होता, तो रोज चोळायला म्हणून चांगुणा निघाली. जनावरांपाशी गोजरबाई राहिली. सायकलच्या दांडीला मच्छिंद्रनं पत्र्याची पाटी बांधली होती. तिच्यावर त्यानंच लिहिलं होतं, 'मुक्या जनावरांसाठी एक मोळी द्या.'

पहिले दोन दिवस रस्त्याच्या दोन्ही अंगाला काळी, भेगाळलेली रानं होती. नेवाशाच्या पुढं गेल्यावर चांगुणाला हिरवं दिसलं. तिला आधी ते खरं वाटेना. पाटाला पाणी कमीच होतं, पण ऊस उभा होता, आणि तोडलेल्या रानात वाढ्यांचे ढीग पडले होते. ती कॅरियरवरून उतरली, ढिगातलं एक पान उचलून तिनं ते नुसतं हातात धरलं.

"आक्का, बस की. लांब जायचंय," मच्छिंद्र म्हणाला.

गावात शिरलं की मच्छिंद्र घंटी वाजवायचा. पारावर माणसं जमायची. सहादेव काही भाषणं करणारा माणूस नव्हता. तो आपल्या बैलाची गोष्ट सांगायचा. "माझा ढवळ्या हाय, सात वर्सांचा. कधी चाबूक लावला न्हाई त्येला. आज त्यो बसला की उठत न्हाई. मी निगालो तवा त्यानं मान वर करून बघितलं. तुमची एक मोळी त्येचा एक दिस हाय." एवढंच. पण तो ते असं सांगायचा की ऐकणारी माणसं खाली बघायची. मग कुणीतरी म्हणायचं, पाच मोळ्या माझ्या, कुणी म्हणायचं, माझ्या सबंध फडाची वाढं घेऊन जा. मच्छिंद्र कुणाची किती ते लिहून घ्यायचा आणि ट्रक येईपर्यंत मोळ्या कुठं ठेवायच्या ते सांगून ठेवायचा.

रात्रीच्या मुक्कामाला चांगुणा एरंडेल कोमट करून सहादेवच्या गुडघ्यावर चोळायची. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. पाचव्या दिवशी चढाला तो उतरून सायकल ढकलत चालू लागला. चांगुणा म्हणाली, "एक दिस थांबा की वं." तो म्हणाला, "मी थांबलो तरी तिकडं खाणारी थांबनार न्हाईत."

सहाव्या दिवशी दुपारी ते बेलापुरात पोचले. मोठं गाव. सहादेव आणि मच्छिंद्र पाराकडं गेले आणि चांगुणा तांब्या भरून आणायला आडावर गेली. तिथं तिला गोरक्षनाथ दिसला. त्यांच्याच गावचा, छावणीत त्यांच्या शेजारच्या दावणीचा. श्रीरामपूरला नातेवाइकाकडं आला होता, आणि सहादेव आज बेलापुरात येणार हे ऐकून मुद्दाम शोधत आला होता.

त्यानं टोपी काढली.

"वैनी, ढवळ्या गेला. परवा सकाळी."

चांगुणानं तांब्या आडाच्या कठड्यावर ठेवला. "कसा गेला?"

"रातभर धापत हुता. म्हातारी त्येचं डोकं मांडीवर घेऊन बसली हुती. दिस उगवायला गेला." गोरक्षनाथनं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "म्हातारीनं निरोप दिलाय, सहादेवला इतक्यात सांगू नका म्हनून. त्यो माघारी येईल, आन् तिकडची वैरण ऱ्हाईल."

निरोप देऊन तो एसटी गाठायला निघून गेला.

चांगुणा पाराशी आली तेव्हा सहादेव बोलत होता. ती बायकांच्या घोळक्यामागं उभी राहिली. "माझा ढवळ्या हाय, सात वर्सांचा," सहादेव सांगत होता, आणि नेहमीच्या जागी त्याचा आवाज नेहमीसारखा भरून आला. चांगुणानं पदर तोंडाशी धरला. पुढं होऊन त्याला थांबवावं असं तिला वाटलं. पण आत्याबाईंचा, सासूचा, निरोप आठवला. ती मागंच राहिली. शेजारची एक बाई डोळे पुसत तिला म्हणाली, "बया, किती जीव हाय गं बैलावर तुज्या मालकाचा!" चांगुणानं नुसती मान हलवली.

त्या दिवशी बेलापुरानं जितकं दिलं, तितकं आधीच्या कुठल्याच गावानं दिलं नव्हतं.

दिवस कलायला लागला तसा सहादेव नदीवर हातपाय धुवायला गेला. प्रवरेला पाणी असं नव्हतंच, वाळूत खळगे करून त्यात पाझरेल तेवढंच. तो खळग्याशी बसून गुडघ्यावर पाणी मारत होता. चेहरा कधी नव्हे इतका खुलला होता. "आजच्या एका गावात छावणीचं चार दिस भागत्यात बघ," तो म्हणाला. "ढवळ्या उठतोय आता."

चांगुणाला पुढं एक शब्दही लपवता आला नाही. ती त्याच्या समोर वाळूत बसली आणि तिनं सांगून टाकलं. गोरक्षनाथ काय म्हणाला, आत्याबाईंचा निरोप काय, सगळं.

सहादेवच्या ओंजळीत गुडघ्यावर मारायचं पाणी होतं. पाणी बोटांतून गळून गेलं तरी ओंजळ तशीच होती.

"तुला कवा कळलं?"

"दुपारी. तुमी बोलत हुता तवा."

"म्हंजी मी बोलत हुतो तवा तुला ठावं हुतं?" त्यानं मान वर केली. एवढ्या वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता, आताही ओरडला नाही, पण त्याचा आवाज ऐकून नदीकाठी उभा असलेला मच्छिंद्र चार पावलं पुढं आला. "मेलेल्या बैलाच्या नावानं मी लोकांपुढं हात पसरला, चांगुणा. हाय म्हनून सांगितलं. लोक रडलं. आन् तू बघत उभी ऱ्हायलीस?"

"मला सुचलं न्हाई वं," ती म्हणाली. "खरंच सुचलं न्हाई."

मच्छिंद्र म्हणाला, "दाजी, तुमाला तरी कुठं ठावं हुतं? खोटं बोलला न्हाई तुमी."

 सहादेव उठला आणि लंगडत, सायकल तिथंच टाकून, गावाकडं चालू लागला. दोघं मागून निघाली.

पारावर अजून आठदहा माणसं बसली होती. सहादेवला परत आलेला बघून ती सरकून बसली. तो बसला नाही. हात जोडून उभा राहिला. "मी दुपारी बोललो त्ये खरं न्हवतं. माझा बैल परवाच गेलाय. मला आत्ता कळलं. ज्यांनी त्येच्यासाठी मोळ्या दिल्या असतील, त्यांनी माघारी घेतल्या तरी माझं काई म्हननं न्हाई."

 मग कडेला बसलेल्या एका धोतरवाल्या म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, त्यात टोचणी नव्हती, खरंच विचारायचं होतं म्हणून विचारलं, "मग बाबा, आता तू कुनासाठी फिरनार?"

 सहादेव सायकलवरून उतरल्यासारखा एका पायावर भार देऊन उभा होता, आणि चांगुणाला वाटलं, हा आता इथंच खाली बसेल.

पुरुषांच्या बैठकीपुढं ती जन्मात कधी बोलली नव्हती. पदर सावरून ती पुढं आली.

"आमचा दुसरा बैल हाय तिथं," ती म्हणाली. "आन् त्यो बी न्हाई राहिला, तरी आमी येऊ. छावणीत रातच्याला सगळी जनावरं हंबरत्यात. अंधारात कोन कुनाचं कळत न्हाई. झोप कुनालाच लागत न्हाई."  ती मागं सरून भावाच्या शेजारी उभी राहिली.

म्हातारा काठी टेकत उठला. "माझी मोळी माघारी घ्यायची न्हाई," तो म्हणाला. "आन् सकाळी माझ्या फडावर ये. दोन दिसांचं वाढं पडलंय. आज उपाशी झोपू नगा, पोरीला घेऊन घरी चला."

सहादेव त्या रात्री जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत तो सायकलच्या चेनला तेल घालत होता. चांगुणा गुडघ्याला फडकं बांधायला वाकली, तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. दोघांत झालेलं बोलणं पुन्हा निघालं नाही.

संगमनेरपर्यंतच्या गावांत तो वेगळं बोलायचा. "माझा एक बैल गेला, बाकीचे जायला नगं," एवढंच म्हणायचा. कुठं भरभरून मिळालं, कुठं माणसं नुसती ऐकून उठून गेली. एका गावात एकानं 'बैल तर मेला, मग ढोंग कशाला' म्हटलं. मच्छिंद्र त्याच्या अंगावर धावून जाणार होता, सहादेवनंच त्याचा दंड धरला. "त्येला ठावं न्हाई," तो म्हणाला, आणि पुढच्या गावाच्या रस्त्याला लागला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते माघारी आले. ट्रक आधीच येऊन गेले होते. छावणीच्या तोंडाशी हिरव्या-पिवळ्या वाढ्यांची गंज लागली होती आणि सातही गावची माणसं मोळ्या सोडून दावणी दावणीला वाटत होती. जनावरांच्या खाण्याचा करकर आवाज लांबूनच येत होता. चांगुणानं तो कितीतरी महिन्यांनी ऐकला.

गोजरबाई पवळ्यापाशी बसली होती. शेजारचा खुंटा मोकळा होता. तिनं चार माणसं गोळा करून ढवळ्याला ओढ्याकाठी पुरलं होतं. मुलाला बघून ती उठली नाही. "मीच सांगू नगा म्हनलं हुतं," ती म्हणाली. "चांगुणाला बोल लावू नगंस."

सहादेव आईशेजारी बसला. त्यानं पवळ्याच्या मानेवर हात ठेवला, बैलानं चघळणं थांबवून त्याचा हात हुंगला आणि पुन्हा खायला लागला. तेव्हा कुठं सहादेव रडला. चांगुणा जवळ गेली नाही. तिनं मोळी सोडली आणि वाढं पवळ्यापुढं सारलं.

त्या उन्हाळ्यात छावणीत आणखी जनावरं मेली. पण आसपासच्या छावण्यांच्या मानानं थोडी. मृगाच्या तोंडावर गावातल्या बनुबाईनं सहादेवच्या घरी येऊन सांगितलं की तिचाही एकच बैल राहिलाय, तेव्हा पेरणी सावडीनं करू. दोघांचे बैल एका जुवाला जुंपले. पहिले दोन दिवस पवळ्याला नव्या जोडीदाराची चाल जमेना, तो सारखा एका अंगाला ओढायचा. तिसऱ्या दिवशी जमली. चांगुणा पाभरीमागं बी सोडत चालली होती आणि सहादेव पुढं, अजूनही थोडा लंगडत, बैलांना हळू आवाजात हाका घालत होता.