वीस हात दोर

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. मी एक जुनी वेताची टोपली आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार सोज्वळ होतात. मला ते जमत नाही. ऐकायचं असेल तर जळफळाटासकट ऐका.

मला ज्या कारागिराने विणलं, त्याला मावशींनी बजावलं होतं, "हिच्यात कापड ठेवायचंय. एक काडी जरी वर आली तरी तलम कापडाला ओढ बसेल." म्हणून त्याने मला विणून झाल्यावर आतून सगळीकडे तळहात फिरवून पाहिला. जिथे बोचलं, तिथे पुन्हा तासलं. इतक्या मायेने मला नंतर कोणी चाचपलं नाही. एकदा सोडून, पण ते पुढे येईल.

मावशी म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाई. त्या तिसऱ्या मजल्यावर राहत आणि त्यांचे गुडघे केव्हाच संपावर गेले होते. गिऱ्हाइकांनाही जिने चढायचा कंटाळा. म्हणून मी. खिडकीवर कप्पी होती, कप्पीवरून दोर, दोराला मी आणि माझ्या कडीला एक पितळी घंटी. आत एक पुठ्ठा बांधलेला होता: 'काय शिवायचं ते लिहून आत ठेवा. घंटी वाजवा.'

मावशी मला सोडताना खाली कधी बघत नसत. हाक आली की एका हाताने शिवण धरून दुसऱ्या हाताने मोजून वीस हात दोर सोडायच्या, खुंटीला वेढा द्यायच्या आणि पुन्हा मशीनवर बसायच्या. विसाव्या हाताला माझा तळ बरोबर खालच्या पायरीला टेकायचा. इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

"मावशी, तुमची टोपली माझ्या पोरांपेक्षा शहाणी आहे," बेकरीवाला म्हणायचा. "हाक मारली की येते तरी!"

मी फुगून जायचे. आठ घरांच्या इमारतीत माझ्यासारखी दुसरी नव्हती. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्यांनी हौसेने प्लॅस्टिकची बादली लटकवली. लालभडक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिची कडी तुटावी असं मी आठवडाभर मनात घोकत राहिले आणि खरंच तुटली! तेव्हापासून मला वाटू लागलं की माझ्या मनात आलं की ते होतंच.

मग एक दिवस ठरलं की आमची इमारत आणि शेजारचा बैठा बंगला पाडून तिथे सात मजली इमारत बांधायची. आठ घरं आणि एक बंगला गेला, त्या जागी बेचाळीस घरं आली. मधली दोन वर्षं मी भाड्याच्या खोलीच्या माळ्यावर तुटक्या छत्र्यांबरोबर काढली. जुनं ते सोनं म्हणतात ना? म्हणणारेच सोनं तिजोरीत ठेवतात आणि जुनं माळ्यावर.

मावशींना पाचव्या मजल्यावर घर मिळालं. आणि तिथे मला ती भेटली. लिफ्ट.

चकचकीत पत्र्याचं अंग, आत पूर्ण उंचीचा आरसा, बोट लावलं की उजळणारी बटणं. पहिल्यांदा वर आल्यावर मावशी लेकीला म्हणाल्या, "अगं, काय सुरेख गं! पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही."

मित्रांनो, मी त्यांचं रेशीम वाहिलं, लोकर वाहिली, लग्नाचे पोशाख वाहिले. वाऱ्यात भोवंडले, भिंतीला घासले, पण कापडाला डाग लागू दिला नाही. माझ्याबद्दल त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. मला ती लिफ्ट सवतीसारखी वाटू लागली. तिला रोज सकाळी पुसायला माणूस यायचा. माझ्या विणीत दोन वर्षांपूर्वीचे दोरे अडकलेले होते.

ती बंद पडावी म्हणून मी घोकायला सुरुवात केली. नव्याचे नऊ दिवस म्हणून नऊ दिवस मोजले. मग नऊ आठवडे मोजले. ती बया एकदाही अडकली नाही.

बंद पडलं ते मावशींचं मशीन. नव्या इमारतीला फाटक होतं, फाटकावर पहारेकरी आणि त्याच्याकडे वही. नाव लिहा, कोणाकडे ते लिहा, कारण लिहा. बेकरीवाला जुना कोट घेऊन आला होता. "कारण काय लिहू?" त्याने विचारलं. "खिसा उसवला?" पहारेकऱ्याला ते काही पटेना. बेकरीवाला कोट घेऊन परत गेला. हळूहळू बाकीचेही यायचे थांबले. इमारतीत माणसं खच्चून भरलेली, पण दारं बंद. मावशींना त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं.

"आई, पुरे आता शिलाई," लेक म्हणाली. "महिनाअखेर मशीन देऊन टाकू कोणाला तरी. आराम कर."

"आराम कसा करतात गं?" मावशी म्हणाल्या. "मला कोणी शिकवलंच नाही."

लेक वाईट नव्हती. आईचे गुडघे तिला दिसत होते, रिकामे हात दिसत नव्हते. मावशी दिवसभर घरातल्याच उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवत बसायच्या. लेक कामावर गेलेली असताना त्यांनी सुताराकडून जुनी कप्पी खिडकीवर बसवून घेतली आणि मला दोराला बांधून ठेवलं. नुसतंच. मशीन गेलं की माझीही गच्छंती, हे मला कळत होतं.

महिना संपायला चार दिवस होते. सकाळी रस्त्यावरून हाक आली, "मावशीऽऽ!"

बेकरीवाल्याचा आवाज! मावशींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. शिवण हातातच होती. दुसऱ्या हाताने त्यांनी मला खिडकीबाहेर घातलं आणि मोजून वीस हात दोर सोडला. खुंटीला वेढा दिला आणि मशीनवर बसून घंटीची वाट बघू लागल्या.

मी अधांतरी लटकत होते. खाली पायरी नव्हती. वीस हात तिसऱ्या मजल्याचे होते, आम्ही आता पाचव्यावर होतो. मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर झोके खात होते आणि खाली पहारेकरी बेकरीवाल्याला हटकत होता, "ओ, इथे ओरडायचं नाही." बेकरीवाल्याने वर पाहिलं, मान हलवली आणि तो निघून गेला. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती लिफ्ट नक्की हसत असणार.

तेवढ्यात खिडकी उघडली. दाताच्या दवाखान्यात काम करणारी एक बाई तिथे राहायची. तिने पुठ्ठा वाचला, वर पाहिलं, काही समजेना. मग तिने मला दोरातून सोडवलं आणि काखोटीला मारून, ही कोणाची ते विचारायला थेट लिफ्टमध्ये शिरली.

मी माझ्या सवतीच्या पोटात होते. आरशात मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. एक बाजू खचलेली, कडीला तीन रंगांचे दोरे गुंडाळलेले. आणि खरंच, अजिबात हललं नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तिसऱ्या मजल्यावर एका आजोबांनी दार उघडलं. "आमची नाही. पण इथे कोणी शिवतं का हो? तयार पडदा आमच्या खिडकीला एक वीत आखूड पडतो." बाई म्हणाली, "आमच्याही! मी तर वर्तमानपत्रं चिकटवलीत." चौथ्यावरही तेच रडगाणं. बेचाळीस घरं, सगळ्यांच्या खिडक्या त्याच मापाच्या, आणि प्रत्येकाला वाटत होतं की नेमकी आपलीच खिडकी विचित्र. पाचव्या मजल्यापर्यंत माझ्या पुठ्ठ्यावर तीन घरांचे नंबर लिहिलेले होते.

मावशींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात दोराचं रिकामं टोक होतं. त्यांनी मला घेतलं आणि माझ्या आतून सगळीकडे तळहात फिरवला.

"कुठे गेली होतीस गं?"

"दोन मजले दोर कमी पडला तुमचा," बाई म्हणाली.

"वीस हात सोडला की! नेहमीसारखा."

"पण तुम्ही पाचव्यावर आहात ना."

मावशी खुर्चीत बसल्या. "अगं बाई, हो की," म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. महिनाअखेरीला मशीन कुठेही गेलं नाही. ते पडदे शिवत होतं. लेक संध्याकाळी कामावरून आली की न सांगता कडा दुमडायला बसत होती.

सगळं गोड झालं असं समजू नका. इमारतीच्या समितीने लगेच सूचना लावली की खिडकीतून वस्तू सोडू नयेत, इमारतीचं रूप बिघडतं. माझा दोर सुटला तो कायमचा. मी म्हटलं, झालं, चला माळ्यावर.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनेच तोड काढली. "खिडकीतून नको म्हणतात ना? मग दारातून पाठवा."

तेव्हापासून मावशी मला लिफ्टमध्ये ठेवतात, खालचं बटण दाबतात आणि मशीनवर जाऊन बसतात. कधी दुसऱ्या मजल्यावर कोणी पडद्याचं कापड ठेवतं, कधी तळाशी पहारेकरी बेकरीवाल्याचा कोट ठेवतो. कोट फाटकावरच देता येतो, म्हणून वहीत आता कारण लिहावं लागत नाही. वर येणारं कोणीतरी मला पाचव्यावर दाराशी ठेवून घंटी वाजवतं आणि मावशी म्हणतात, "आली गं माझी शहाणी."

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा पाहा, ती निकामी झाली आहे की तिचा नुसता दोर कमी पडला आहे. माणसांनाही हेच लावा.

आणि लिफ्टचं म्हणाल, तर मी अजूनही जळते. ती मला रोज खालीवर नेते, कधी उपकार बोलून दाखवत नाही. तेच तर मला सहन होत नाही. पण हल्ली ती बंद पडावी असं मी घोकत नाही. परवा ती मधेच क्षणभर थबकली, तेव्हा आधी माझ्याच काळजात धस्स झालं.