उंदरांचा सोमवार

नंदीश हत्तुरे स्वतःला शास्त्रज्ञ समजत असे, आणि त्याची ही समजूत मोडण्याइतकं कठोर काळीज सोलापुरात कुणाचंच नव्हतं. पीएचडीचं सहावं वर्ष चालू होतं. फार्मसी कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्राणिगृहात त्याचे सोळा उंदीर होते, सगळे जन्मापासून रक्तदाबाचे रोगी. प्रत्येकाच्या पोटात एक इवलासा सेन्सर शिवलेला होता. त्यातून रक्तदाबाचे आकडे रात्रंदिवस संगणकात येऊन पडत. आठ उंदरांना करडईच्या पाकळ्यांचा अर्क आणि आठांना नुसतं पाणी, रोज घशात नळी घालून. अर्क खरोखर लागू पडतो का, हे त्यातून ताडून पाहायचं होतं.

अर्क लागू पडत होता, पण फक्त सोमवारी! आठवड्याचे सहा दिवस रक्तदाब चढलेला असे आणि सोमवारी झकास उतरे, सलग सव्वीस आठवडे. दुसरा एखादा माणूस बुचकळ्यात पडला असता. नंदीश हुरळून गेला. औषधाच्या परिणामाला सात दिवसांची लय असते असा शोध त्याने जाहीर करून टाकला, त्यावर बेचाळीस पानांचं प्रकरण लिहिलं आणि बायकोला, महेश्वरीला, जेवताना त्यातले उतारे वाचून दाखवले. तिने वैरागच्या माहेरी फोन करून जावई डॉक्टर होणार असल्याचं कळवलंही. गुरुवारी समितीपुढे सादरीकरण होतं. ते पार पडलं की प्रबंध मार्गी लागणार होता, आणि नाही पडलं तर नोंदणीची मुदत संपत आली होती.

बुधवारी दुपारी तो प्राणिगृहात गेला तो केवळ एका तळटीपेसाठी. सोमवारी उंदरांचं खाणं वेगळं असतं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. उंदरांचं सगळं चंद्रव्वा बघत असे. ती अक्कलकोटकडची, ठेकेदारामार्फत लागलेली, आणि नळी घालण्यात तिचा हात कॉलेजातल्या कुणाहीपेक्षा हलका होता. खाणं रोजचंच, ती म्हणाली, फक्त सोमवारी नळी घालत नाही.

आपण चुकीचं ऐकलं असं नंदीशला आधी वाटलं. त्याने पुन्हा विचारलं.

"सोमवारी बैलाला जू घालत्यात व्हय, सर? बसवण्णाचा, नंदीचा वार हाय की त्यो. ह्यास्नी तर आपन रोज धरून घशात नळी घालतो. एक दिस तरी इसावा नको?"

मग रोज डोस दिल्याची खूण करायच्या वहीत सोमवारीही खुणा कशा, हे विचारताना त्याचा आवाज चिरकला.

"रिकामा चौकोन दिसला की तुमी लई चिडता. म्हनून केल्या. तुमी तरी कुटं बघता? मंगळवारी येता, सही करता, जाता."

यात खोटं काही नव्हतं. सोमवारी नंदीश प्राणिगृहाकडे फिरकतच नसे. सकाळी तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन प्रबंध लवकर संपू दे म्हणून साकडं घालायचं, मग घरी उपवासाची भगर खाऊन झोपायचं, असा त्याचा शास्त्रीय कार्यक्रम होता. अन् त्याच्या आजोबांनी जन्मात कधी सोमवारी बैल जुंपला नव्हता. ही रीत ज्याला आईच्या दुधाबरोबर मिळाली, त्याला सव्वीस सोमवारांत तिची आठवण झाली नाही.

त्याने धावत जाऊन नुसतं पाणी दिलेल्या उंदरांची फाईल उघडली. ती त्याने इतके दिवस उघडलीच नव्हती. पाणी पिणारे उंदीर काय दिवे लावणार, असं त्याचं मत होतं. त्यांचाही रक्तदाब दर सोमवारी तेवढाच उतरत होता. म्हणजे अर्काचा काही संबंध नव्हता. सहा दिवस उंदरांना धरपकडीची धास्ती असे आणि सातव्या दिवशी कुणी छळत नसे, एवढाच तो शोध. बेचाळीस पानं लिहिणारा आपण किती मोठा गाढव आहोत हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि रडूही आलं.

गप्प बसणं सोपं होतं. वहीत खुणा होत्या, खाली सही होती, आणि चंद्रव्वा कुणाला सांगायला जाणार नव्हती. नंदीश तासभर खुर्चीत बसून गप्प बसण्याचा सराव करत राहिला. तो काही जमेना. मग दोन्ही गटांचे आलेख आणि वही घेऊन तो सुकन्या मॅडमकडे निघाला. त्या त्याच्या मार्गदर्शक. अडाणी नोकराने फसवलं, हे वाक्य त्याने जिन्यावर तीनदा घोकलं.

सोमवारी डोस दिलेच गेले नव्हते हे ऐकून मॅडमनी आलेख शेजारी शेजारी ठेवून नीट पाहिले. मग वही ओढून विचारलं, "सोमवारच्या ह्या खुणा कुणी केल्या?"

वाक्य ओठांवर तयार होतं. ते बोलला असता तर ठेकेदाराला एक फोन गेला असता आणि चंद्रव्वा उद्यापासून घरी बसली असती.

"खुणा कुणाच्याही असोत, मॅडम. न बघता सही मी केलीय. सव्वीस वेळा."

मॅडमनी चष्मा काढला. गुरुवारचं रद्द, मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा पहिल्यापासून, कमीत कमी एक वर्ष, असं त्या सांगत गेल्या आणि तो मान हलवत गेला. महेश्वरीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव तो मनात करत होता. शेवटी त्यांनी नव्या प्रयोगाचा आराखडा लिहायला कोरा कागद पुढे घेतला आणि सोमवारी डोस कोण देणार ते विचारलं.

"कुणीच नाही," नंदीश म्हणाला. "सोमवारी दोन्ही गटांना सुट्टी. आणि या वेळी तसं लिहू."