बर्फातली रेघ

श्रीकांतकाकांनी हात वर केला, तशी चैत्राली जागच्या जागी थबकली. रायफल पाठीमागे सरकवून काका वाकले आणि बर्फातल्या खुराच्या ठशाची कड त्यांनी बोटाने चाचपली.

"कड अजून भुसभुशीत आहे. ताजे आहेत," ते कुजबुजले. "चार-पाच माद्या असतील. आणि ही बघ गंमत."

ठशांच्या जोडीने बर्फात एक रेघ ओढली गेली होती. मध्येच तुटायची, पुन्हा सुरू व्हायची.

"एकजण पाय ओढतेय. आज आपली हीच. लंगडी असेल तिला आधी टिपायचं. थंडीत कुढत मरण्यापेक्षा बरं."

काका रिटायर्ड सर्जन. निम्मं आयुष्य वेल्समध्ये गेलेलं, आणि डिअर स्टॉकिंगचा, म्हणजे माग काढत हरणांची शिकार करण्याचा नाद त्यांना इथेच लागला. मॉनमथजवळच्या एका शेतकऱ्याची कोवळी रोपं हरणं फस्त करायची, त्यामुळे त्याच्या रानात काकांना कायमची परवानगी होती. कार्डिफची मराठी मंडळी या प्रकाराला नाकं मुरडत. तीच मंडळी काकांकडे जेवायला आली, की हरणाच्या रश्श्याची वाटी पुन्हा पुढे करत.

चैत्राली मात्र आज पहिल्यांदाच आली होती. तिला शिकारीत रस नव्हता. काकांनी बोलावलं म्हणून ती आली. डॉक्टरकीची इथली परीक्षा पास होऊनही नोकरी मिळत नव्हती तेव्हा याच काकांनी आणि अनुराधाकाकूंनी तिला आपल्या घरी वरची खोली दिली होती. नागपूरला आईलाही ती सांगत नसे अशा रडकुंडीच्या दिवसांत काका तिला रोज सकाळी हाक मारून उठवायचे आणि "चल, अंडी कोण फोडणार?" म्हणून खाली न्यायचे. आता ती कार्डिफच्या हॉस्पिटलात मेडिकल रजिस्ट्रार, वॉर्ड सांभाळणारी डॉक्टर होती. त्या सकाळच्या हाका नसत्या तर आपण विमानात बसून परत गेलो असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बर्फात मागच्याने पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं, म्हणजे आवाज एकाचाच होतो, हा काकांचा पहिला धडा. मोठ्या ओकच्या झाडाखाली थर्मासमधला चहा पिऊन दोघं तसेच निघाले होते आणि रानाला वळसा घालून पुन्हा आपल्याच वाटेवर आले होते. मधल्या वेळात कळप त्याच वाटेने गेला होता. बूट आणि खुरं, सगळं एकात एक झालं होतं.

थोडं पुढे गेल्यावर खुरांचे ठसे डावीकडे, उताराला लागले. काकाही वळले. चैत्राली वळली नाही. रेघ वळलीच नव्हती. ती सरळ, त्यांच्या जुन्या पावलांबरोबर निघून गेली होती.

तिने उताराकडे पाहिलं. तिथे ठशांशेजारच्या कोऱ्या बर्फात काकांचा डावा बूट नवी रेघ ओढत चालला होता.

"काका, थांबा!"

तिचा आवाज रानभर घुमला. खाली कुठेतरी फांद्या मोडल्या.

"अगं, ओरडतेस काय? गेली ना ती!" काका वैतागून वळले. "दया आली वाटतं! ताटात आल्यावर नाही येत ती."

"ती रेघ हरणाची नाहीये, काका. तुमची आहे."

"काहीतरीच काय!"

"तुमचा पाय ड्रॅग होतोय. डावा."

"आयुष्यभर सर्जरी केली मी. माझा पाय मला कळणार नाही?"

"तुमचा डावा ग्लोव्ह कुठाय?"

"हा काय." काकांनी हात पुढे केला. तो उजवा होता. डावा उघडाच लोंबत होता, थंडीने लालबुंद झालेला.

हे चैत्राली वॉर्डात पाहायची. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, की माणूस आपली डावी बाजूच विसरतो आणि मला काही झालेलं नाही असं छातीठोकपणे सांगतो. गुठळी विरघळवायचं औषध होतं. पण ते पहिल्या काही तासांतच देता येई, आणि पक्षाघाताचा झटका केव्हा आला हे सांगणारं कोणीतरी लागे. ते कळलं नाही तर औषध हाताशी असून नुसतं बघत बसायचं. आणि काकांच्या मते तर काही झालेलंच नव्हतं.

"काका, प्लीज. आत्ताच्या आत्ता गाडीकडे चला."

"आणि तिला तशीच सोडू? पाय ओढत फिरेल बिचारी." ते पुन्हा उताराकडे निघाले.

तिने त्यांची बाही धरली. काकांना तिने असं कधी अडवलं नव्हतं. ते काही बोलणार तोच तिच्या ओरडण्याने बिथरलेला कळप खालच्या मोकळ्या जागेत बाहेर पडला. पाच माद्या. एकामागून एक त्या कुंपणाशी आल्या आणि उड्या मारून पलीकडे गेल्या. काका सवयीने प्रत्येकीचे पाय बघत राहिले. शेवटची पलीकडे उतरली, तरी ते तसेच उभे होते.

"एकही लंगडत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी मागे वळून आपल्या पावलांमागची रेघ पाहिली. रायफल पुढे घेऊन त्यातल्या गोळ्या काढायला लागले, पण डावा हात मदतीला येईना. परक्याच्या हाताकडे बघावं तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

"हा ऐकत नाहीये गं," ते हळूच म्हणाले.

तिने दस्ता धरला, त्यांनी उजव्या हाताने गोळ्या काढल्या. रायफल तिने आपल्या पाठीला लावली आणि त्यांचा हात खांद्यावर घेतला. फोनला रेंज नव्हती. रस्त्यावर पोचेपर्यंत येणारही नव्हती. दोघं आल्या वाटेने उलटे निघाले. चैत्रालीची नजर रेघेवर होती. काकांना विचारून उपयोग नव्हता, पण बर्फाला विचारता येत होतं.

ओकखाली सांडलेल्या चहाचा डाग तसाच होता. त्याच्या अलीकडे रेघ होती. पलीकडे, गाडीपासून इथवर आलेली काकांची पावलं स्वच्छ उमटली होती, दोन्ही पाय नीट उचललेले.

तिला रडू फुटलं. सकाळपासून बर्फ पुन्हा पडला नव्हता, यासाठी कोणाचे आभार मानावेत ते तिला समजेना. आकाशाचे मानले, कळपाचे मानले, आणि हे ठसे वाचायला जे शिकवत होते त्यांचा हात तिने घट्ट धरला.

काकाही ठसे पाहत होते. त्यांच्यातला सर्जन आता जागा झाला होता.

"म्हणजे चहा पिऊन उठलो त्यानंतर."

"हो."

"त्याला किती वेळ झाला?"

"तासही नाही झाला, काका."

"मग इथे उभी काय राहिलीस?" ते म्हणाले, आणि इतका वेळ बेताने टेकवलेला आपला सगळा भार त्यांनी तिच्यावर टाकला.