ओट्याआधी माझा नंबर होता

मी जिना बोलतोय. करकरतोय म्हणा हवं तर, वयच झालंय माझं. चौदा लाकडी पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला हलणारा कठडा. आणि खरं सांगतो, मी त्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जळतो. लपवू कशाला?

जुन्या मालकांनी घर विकायला काढलं तेव्हा एक तरुण जोडपं बघायला आलं. सोबत मुलाची आई, गुडघे दुखणारी. ती चौथ्या पायरीपर्यंत कशीबशी चढली, तिथेच टेकली आणि माझ्या फळीवरून हात फिरवत म्हणाली, "वरच्या खोलीतून ऊन किती छान येतंय रे! ती खोली मला दे हं." आजवर सगळ्यांनी मला तुडवलंच. हात फिरवणारी ही पहिली. मी तिथेच विरघळलो.

बँकेने घर घ्यायला आणि दुरुस्तीला मिळून एकच कर्ज दिलं. अट अशी की कामांची यादी आधी द्यायची, दुरुस्तीचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार, आणि एक काम झालेलं बँकेचा माणूस डोळ्यांनी बघेल तेव्हाच पुढचा टप्पा सुटेल. यादीत पहिला मी, दुसरं स्वयंपाकघर. माझ्यावरच बसून लिहिली की दोघांनी!

पहिले पैसे आले आणि सूनबाई दुकानात काळा ग्रॅनाइट बघून आली. "आधी ओटा उरकू या ना. जिना काय पळून जातोय?" नवऱ्याने मान डोलावली. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं? ओट्याला ग्रॅनाइट, ओट्याला खोल सिंक, ओट्याच्या डोक्यावर दिवे! रोज मऊ फडक्याने अंग पुसायचं त्याचं. माझ्यावर मात्र सिमेंटच्या गोण्या. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आई खाली सोफ्यावर झोपायची. एकदा वर जायला निघाली, तर कठडाच हातात आला. पडता पडता वाचली. "मी आपली लेकीकडे जाते बाई," म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

त्याच आठवड्यात बँकेचा माणूस आला. ओट्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"जिना कुठे झालाय?"

"तो पुढच्या टप्प्यात घेतोय, साहेब."

"पहिल्या टप्प्यात जिना लिहिलाय तुम्ही. तो झाल्याशिवाय पुढचे पैसे नाहीत."

ओट्याखालच्या कपाटांची ऑर्डर रद्द करून पैसे परत आणावे लागले. कपाटांच्या जागी जुन्या चादरीचा पडदा लागला. बरी जिरली! आई थांबली, आणि मी मनातल्या मनात नाचलो.

मग सुतार आला. म्हटलं, आता आपले लाड. त्याने पायरीत पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"वाळवी. यात काही राम नाही उरला. सगळा काढून नवा बसवू."

सकाळपासून पहार चालू आहे. वरच्या सहा पायऱ्या अंगणात पडल्यात. नव्या जिन्याच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, गुळगुळीत, तेलपाणी केलेल्या. ओट्याचं आता काही वाटत नाही. जळतो तो या नव्यावर.

ऐक रे नव्या. तिचा उजवा गुडघा अधू आहे, ती आधी डावा पाय टाकते. चौथ्या पायरीवर तिला दम लागतो, तिथे घाई करू नकोस. कठडा घट्ट धरून ठेव. मला तिला एकदासुद्धा वर नेता आलं नाही. तू रोज नेशील, मेल्या.