विमानासमोर थांबलेली होडी

होडीचं यंत्र बंद केलं, की तिच्यामागची फेसाची पांढरी रेघ चाळीस आकडे मोजेपर्यंत पुसली जाते. मग दुरून पाहणाऱ्याला होडी म्हणजे पाण्यावरचा एक काळा ठिपका. मित्रांनो, मी तशीच एक जुनी लाकडी होडी आहे. मला बांधणारा सुतार नावाड्याच्या हवाली करताना म्हणाला होता, "सांभाळ. बायको रुसली तर समजूत काढता येते, ही रुसली तर पोहावं लागतं."

एकोणीस वर्षं मी या तीरावरून त्या तीरावर माणसं नेली. मग पाण्यावरून उडणारं विमान आलं. त्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळी तरंगती पिंपं बांधली. आम्ही त्यांना वळसा घालून जायचं होतं. वळशाला दहा मिनिटं जास्त लागत, म्हणून सगळेच मधून जात. विमान दिसलं की यंत्र बंद करून जागीच थांबायचं, ही नावाड्यांची रीत. त्यांना तो सभ्यपणा वाटे.

पण उडू लागताना विमानाचं नाक वर उचललं जातं. तेवढे क्षण वैमानिकाला समोरचं पाणी दिसत नाही. म्हणून त्याने उडण्याआधी पाण्यावरच एक फेरी मारून समोर कोणी नाही ना, हे पाहायचं असतं. त्या सकाळी त्याला उशीर झाला होता. त्याने फेरी मारली नाही. आम्ही मधोमध थांबलो होतो.

"बघितलंय त्यानं आपल्याला," नावाडी प्रवाशांना म्हणाला. हातही हलवला.

नाक खाली आलं तेव्हा आम्ही त्याला दिसलो. त्याने विमान वळवलं. पंख पाण्यात घुसला, माझी एक कड फुटली. प्रवासी वाचले, वैमानिकाचा हात मोडला.

दुसऱ्याच दिवशी त्याने आपली चूक लिहून दिली. बाकीचे नावाडी म्हणाले, "तो कबूल झालाय ना? मग तू कशाला मधे तडमडतोस? तू पिंपांच्या बाहेर होतास म्हणायचं, बस्स."

सहा आठवडे नावाडी गप्प होता. मी धक्क्यावर उलटी पडले होते. डांबर लावताना तो एकाच फळीवरून तीनतीनदा ब्रश फिरवी.

"अहो, उद्या चौकशी संपतेय," बायको डबा ठेवत म्हणाली. "त्याला पुन्हा उडू देणार नाहीत म्हणे."

"खरं सांगितलं तर माझा परवाना जाईल."

"जाईल. मग काय, जेवताना जन्मभर भिंतीकडे बघत बसणार?"

मित्रांनो, आम्हा होड्यांच्या फटी वेळेवर बुजवा, हे तर मी मागेनच. पण समोरच्याला आपण दिसतोय, असं कधी धरून चालू नका. पाणी दोघांचं असेल, तर पाहायचं कामही दोघांचं असतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी धक्क्यावर आले. हात गळ्यात अडकवलेला वैमानिक बाजूला उभा होता.

"काका, तुम्ही पिंपांच्या बाहेर होता, असंच लिहू ना?"

नावाड्याने ब्रश खाली ठेवला.

"नका लिहू, साहेब. मी आत होतो. रोजच असायचो."