चिकाने खाल्लेले हात

कच्च्या पपईला पहाटे ब्लेडची चीर दिली की जो दुधासारखा चीक ठिबकतो, त्याच्या उग्र, आंबूस दर्पातूनच यमुनाआक्का मला आठवते. येडगावच्या धरणावरचे धुके बागेत रेंगाळत असे आणि त्या धूसर उजेडात तिच्याआधी तिचे हात दिसत: फळाखाली ओंजळीसारखे धरलेले, खोबरेलाने चकाकणारे. पिंपरी पेंढारहून माझ्या टेम्पोतून येणाऱ्या बायकांत तिचा हात सर्वांत हलका. चीर इतकी उथळ, की फळालाही कळू नये.

चीक कातडी खातो, म्हणून ते तेल. आणि तो खातो म्हणूनच त्याला मोल. आळेफाट्यावर ट्रक धुण्यापासून सुरुवात करून नव्वदच्या दशकात मी चिकाचा पुरवठादार झालो होतो. घासाघिशीत मला कुणी हरवत नाही, हा माझा माज. पुण्याकडच्या एका औषध कंपनीला चिकातले एन्झाइम हवे होते. तिथल्या तरुण केमिस्टने मला समजावले होते, की पेप्टाइड म्हणजे प्रथिनाची छोटी साखळी. ती औषध म्हणून पोटात गेली, तर पाचकरस मोकळी टोके धरून तिला कुरतडतात, पण दोन्ही टोके सांधून तिचे गोल कडे केले, तर कुरतडायला टोकच सापडत नाही. चिकातल्या एन्झाइमचा स्वभावही तोडण्याचाच. पण पाणी कमी ठेवून नीट वळवले, तर तेच टोके जोडते. तोडणाऱ्याकडून जोडून घेण्याची ती विद्या ऐकून मी भारावलो होतो.

मग कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने मालात तेलाचा तवंग सापडल्याची तक्रार केली. मी हातमोजे मागितले. शेतावरच्या बायांसाठी तशी सोय नसते, तेल बंद करा नाहीतर माल बंद, असे त्याने सांगितले. मी तासभर भांडलो आणि अखेर पुऱ्या हंगामाची ऑर्डर पदरात पाडून, जिंकल्याच्या तोऱ्यात परतलो. बांधावर उभा राहून तेल बंद केल्याचे मीच जाहीर केले.

“मंग हाताला काय लावायचं, भाऊ?” आक्काने विचारले.

मी तिच्यावरच ओरडलो. तिने दोन्ही तळवे पदराला पुसले आणि पहिल्या फळाला चीर दिली.

हंगाम सरता सरता तिच्या बोटांची टोके गुळगुळीत झाली, मग लाल, मग ओली. मीठ-मिरचीला हात लावणे सुटले, भाकरी सून थापू लागली. आता चोरी केली तरी पोलिसाला माझ्या बोटाचा ठसा घावायचा न्हाई, असे ती टेम्पोत म्हणे आणि बाया हसत. मीही हसे.

पुढे एकदा माल पोचवायला कंपनीत गेलो, तेव्हा प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे सगळ्यांच्या हातांत पांढरे रबरी मोजे दिसले. मी अधिकाऱ्याला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, “ते हातांसाठी नाहीत, मालासाठी आहेत. हाताचा घाम लागला की माल नासतो.” मी टेबलावर मूठ आपटली, मोज्यांचे दोन खोके उचलले आणि निघालो.

बागेत बायांना मी त्याचे बोलणे शिव्यांसकट ऐकवले. आक्काने एक मोजा चढवून पाहिला. काढताना आतल्या रबराला बोटाची साल चिकटून आली. तिने मोजा उलटा करून पाहिला आणि माझ्या हाती दिला.

“तुमीबी मालच जपला की, भाऊ.”

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत चढली नाही. घोडेगावला लेकीकडे गेली आणि तिकडेच वारली. पेप्टाइडचे ते कडे जमले की नाही, हे कंपनीने मला कधी कळवले नाही, मीही विचारले नाही. बागेच्या जागी आता द्राक्षे आहेत. गेलेल्या माणसाची आठवण काळ धुऊन उजळ करतो, असे म्हणतात. माझ्या आठवणीत मात्र ती चीर देण्याआधी अजून तळवे पदराला पुसते आहे, आणि इतक्या वर्षांत ‘थांब’ एवढा एक शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही.